पिशवीतली तलंग

आमच्या घरातली सकाळ आधी म्हशींची आणि मग माणसांची असायची. आई धारा काढायला बसली की रिकाम्या चरवीत पहिली धार कडक वाजायची आणि भांडं भरत जाईल तसा तो आवाज मऊ पडत जायचा. तो पुरता मऊ झाला की मला अंथरुणात कळायचं, आता हाक येणार. मग गोठ्यातून भिजवलेल्या पेंडीचा वास, चुलीवरच्या पाण्याचा धूर आणि आईच्या तोंडाचा पट्टा. ती म्हशींशी, शेजारणींशी आणि देवाशी एकाच आवाजात बोलायची. उजाडलं की दोन म्हशी घेऊन ती दूधकट्ट्यावर जायची. तिथं गिऱ्हाईक पेला पुढं करायचं आणि आई त्याच्या डोळ्यांदेखत त्यात धार काढून द्यायची. ते फेसाळ कोमट दूध पिऊन तालमीतली पोरं मिशा पुसत निघून जायची. सुट्टीच्या दिवशी मलाही तिच्याबरोबर जावं लागे. कॉलेजातलं कुणी वडिलांबरोबर दूध प्यायला आलेलं दिसलं की मी म्हशीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन तिच्या पाठीवरच्या माश्या हाकत उभी राहायची. म्हशीएवढा चांगला आडोसा दुसरा नाही, हे मी तेव्हाच शिकले.

आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. वडील उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचे, हंगामात महिनोन्महिने घरी नसायचे, आणि घर म्हणजे आई, मी, दोन म्हशी आणि बाळंतपणाला माहेरी आलेली अक्का. कॉलेजात मात्र मी दुसरीच कुणी होते. तिथं माझी मैत्रीण विद्या होती. विद्या डॉक्टरांची मुलगी, आई पुण्याची, त्यामुळं ती ‘मी येते, मी जाते’ असं बोलायची. आम्ही कोल्हापूरच्या पोरी ‘येतो की, जातो की’ म्हणणाऱ्या. विद्यासमोर मीही ‘येते-जाते’ करू लागले होते आणि गल्लीच्या तोंडाशी आले की जीभ परत जागेवर ठेवत होते. ही चोरी फक्त जरीनाला ठाऊक होती. जरीना आमच्याच गल्लीतली. तिचे अब्बा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि दुपारी त्यांचा सराव सुरू झाला की आमच्या म्हशी कान हलवायच्या. “एका तोंडात दोन जिभा कशा काय मावत्यात गं तुझ्या?” असं जरीना मला चिडवायची, पण विद्यापुढं तिनं मला कधी उघडं पाडलं नाही.

विद्याशी मैत्री झाली तीही माझ्या जिभेमुळंच. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता अंधश्रद्धा. मी नवस-सायासांवर अशी तुटून पडले की परीक्षकांनी टेबलावर हात आपटले. “दगडाला शेंदूर फासला म्हणून त्याला कान फुटत नाहीत!” या माझ्या वाक्याला सभागृहात टाळ्या पडल्या आणि पहिलं बक्षीस मिळालं. कार्यक्रम संपल्यावर विद्या आपणहून आली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, “किती स्पष्ट विचार करतेस गं तू.” माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. त्या हाताचा सुगंधी साबणाचा वास मला अजून आठवतो. त्यानंतर विद्या, जरीना आणि मी, आम्ही तिघी बरोबर फिरू लागलो. विद्याकडं दुर्बीण होती, पक्ष्यांची चित्रं असलेलं जाड पुस्तक होतं, आणि तिनंच एक दिवस टूम काढली की शिरोळकडं कृष्णेच्या पात्रात एक बेट आहे, तिथं पक्षी अभयारण्य केलंय, एका दिवसात जाऊन येता येईल.

घरी येऊन मी बेटाचं नाव काढलं आणि आईचा भाकरी थापणारा हात थांबला. सरकारी पाटीवर काहीही लिहिलेलं असो, काठावरच्या गावांना ते आसरांचं बेट म्हणूनच ठाऊक होतं. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. बेटावर झाडाखाली त्यांचे सात दगड होते, आणि आमचं मूळ गाव त्या बेटाच्या समोरच होतं. माझ्या जन्माच्या आधी पुरात आमचं घर वाहून गेलं. अक्का तेव्हा अंगावर पिणारी. आईनं तिला लुगड्यानं पोटाशी बांधलं, छपरावर चढली, आणि तिथून बेटाकडं हात जोडून बोलली की ही पोर जगू दे, हिला मूल व्हायच्या आधी तुमच्या दारात कोंबडी आणून सोडीन. पोर जगली. पाणी उतरल्यावर आईबाप तिला घेऊन कोल्हापूरला मामाच्या आसऱ्याला आले आणि परत गेलेच नाहीत. पुढं अक्काचं लग्न झालं, पहिलं बाळंतपण झालं, आणि ते मूल रडलंच नाही. आईनं डॉक्टरला, सुईणीला, जावयाला, कुणालाच बोल लावला नाही. “माझ्याकडं ऱ्हायलंय त्यांचं,” एवढंच ती म्हणाली. आता अक्काला पुन्हा दिवस भरत आले होते आणि आईनं एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, मुद्दाम वाढवून ठेवली होती. अक्काला एकटं सोडून तिला जाता येत नव्हतं. शिवाय त्या पाण्याचं तोंड बघायची तिची छाती नव्हती.

“तू बेटावर जाणारच हाईस न्हवं? मग एवढं माझं काम कर,” आई म्हणाली.

“आई, बरोबर मैत्रिणी हाईत माझ्या.”

“मग? त्यांनी काय कोंबडी बघितली न्हाई कवा?”

“तसं न्हाई. शिकलेल्या हाईत त्या.”

“तू बी शिकलीयास की. शिकलेल्या हातातनं कोंबडी सुटत न्हाई व्हय गं?”

मी अक्काकडं बघितलं. ती भिंतीला टेकून, सुजलेले पाय लांब करून बसली होती. ती कधी काही मागायची नाही. त्या दिवशी ती म्हणाली, “नंदे, ने की गं,” आणि तिचा आवाज असा काही होता की भाषण, बक्षीस, सगळं बाजूला ठेवून मी ‘नेतो’ म्हणाले. अक्का घाबरली होती.

निघायच्या सकाळी आईनं तलंगेच्या डोक्यावर हळदकुंकू लावलं, पायांना चिंधी सैल बांधली आणि तिला जाड कापडी पिशवीत बसवलं. अंधारात कोंबडी गप्प राहते. दुसऱ्या पिशवीत नारळ, हळदकुंकवाची पुडी आणि दहीभाताचा डबा. स्टँडवर विद्या यायच्या आधी मी पार्सलच्या खोलीमागं गेले, रुमाल भिजवला आणि तलंगेच्या डोक्यावरचं कुंकू पुसून काढलं. चुकून पिशवीतून डोकं बाहेर आलंच तर निदान नवसाची म्हणून ओळखू तरी येऊ नये. मी मान वर केली तर समोर जरीना उभी होती. तिनं रुमाल बघितला, पिशवी बघितली आणि म्हणाली, “पुसू नगंस गं. अम्मी म्हणती, देवाच्या वस्तूची खूण पुसू नये.” मी म्हटलं, “तू गप्प बस.” ती गप्प बसली.

एसटीत तलंग दोनदा ओरडली. शिरोळच्या गाडीत कोंबडी ओरडली म्हणून कुणी मागं वळून बघत नाही. विद्यानं बघितलं आणि हसून पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. बाहेर दोन्ही अंगांना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर आणि काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास. विद्या खिडकीतून तारेवरचे पक्षी ओळखून दाखवत होती आणि मी गुडघ्यांत पिशवी धरून, तिच्या आत हलणारं ऊबदार अंग सांभाळत, ‘हो का, अय्या’ करत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण मी कितीदा वहीत लिहिली होती. तिचा कोरडा पाषाण त्या दिवशी एसटीच्या बाकावर बसला होता.

नदीच्या काठावर एक झोपडी होती. बेटाचा राखणदार तिथं राहायचा आणि नावही तोच वल्हवायचा. आम्ही नावेपाशी गेलो तसं त्यानं माझ्या पिशवीकडं बोट केलं. “पावणं, पिशवीत काय वळवळाय लागलंय?”

नेमकी तेव्हाच तलंगेनं मान बाहेर काढली. विद्या बघतच राहिली. मी तोंड उघडलं, पण त्यातून ‘येते-जाते’मधलंही काही निघेना आणि ‘येतो-जातो’मधलंही. मग जरीना पुढं झाली. “रश्श्याची तयारी हाय की काका! कोल्हापूरची माणसं फिराय मोकळ्या हातानं येत्यात व्हय?”

राखणदार खदखदून हसला. विद्याही हसली. “अगं, मग बसमध्येच सांगायचं ना! मी म्हणतेय कुणाची कोंबडी ओरडतेय.” कोल्हापुरात सहलीला कोंबडी नेण्याइतकी साधी दुसरी गोष्ट नाही. जरीनानं मला वाचवलं होतं, आणि मी वाचल्याच्या आनंदात मान डोलावली. “बेटावर चूल न्हाई, कोंबडं न्हाई, सायबाचा हुकूम हाय,” राखणदार म्हणाला. “ठेवा हितंच. आमची मंडळी बघंल.” झोपडीच्या दारातून त्याची बायको आली, तिनं पिशवी माझ्या हातून घेतली आणि कोंबडीची छाती दाबून बघत म्हणाली, “चांगली भरलीया की गं.”

बेट सुंदर होतं, असं आता सांगायला हवं. झाडं पांढरी दिसत होती, आधी बगळ्यांनी आणि मग त्यांच्या शिटेनं. पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसले होते. एक लांब चोचीचा शराटी चिखलात ठोके मारत आमच्या अगदी जवळ आला आणि विद्यानं माझा दंड घट्ट धरला. सगळीकडं पिल्लांचा चिरचिराट आणि त्यात आम्ही कुजबुजत चालणाऱ्या तिघी. मला त्यातलं काही नीट दिसत नव्हतं. माझे डोळे ते दगड शोधत होते. एका जांभळाखाली ते सापडले, जुन्या शेंदराचे पोपडे धरलेले आणि वरून बगळ्यांनी पांढरे केलेले. आईनं छपरावरून ज्यांना हात जोडले होते ते हेच, एवढेएवढेसे. “अगं बाई, तुझ्या भाषणातले दगड!” विद्या म्हणाली. “ते वाक्य म्हण ना गं इथं. कानाचं.”

मी म्हटलं. अगदी सभागृहातल्यासारखं हात करून म्हटलं. विद्यानं आवाज न करता टाळ्या वाजवल्या. जरीना झाडाकडं तोंड करून उभी राहिली.

माझ्या मनात तेव्हा एक बेत शिजत होता. मी ओढणी मुद्दाम एका झुडपावर विसरणार, काठावर गेल्यावर ती आठवणार, राखणदाराबरोबर एकटी परत येणार आणि त्याच्या हातापाया पडून तलंग सोडून जाणार. विद्याला कळायचं नाही, आईचं काम व्हायचं, अक्काचं बाळ यायचं. मी ओढणी ठेवली आणि नाव काठाकडं निघाली तशी मला जरा बरं वाटायला लागलं.

नाव काठाला टेकायच्या आधीच वास आला. भाजलेल्या खोबऱ्याचा, तिळाचा आणि ताज्या कांदा-लसूण चटणीचा. झोपडीच्या मागं उकिरड्यावर तांबडी-काळी पिसं पडली होती. राखणदाराची बायको भाकरीचा तवा उतरवत म्हणाली, “किती येळ गं पोरींनो! म्हटलं, बेटावर चुलीची सोय न्हाई, लेकरं भुकेनं येतील, तर करूनच ठेवावं. बसा, बसा. रस्सा गार हुईल.”

आम्ही बसलो. मी बसले हे मला आजही खरं वाटत नाही, पण दुसरं काय करावं ते मला सुचेना. विद्या म्हणाली, इतका सुंदर रस्सा तिनं आयुष्यात खाल्ला नाही. जरीनानं भाकरीला हात लावला नव्हता, ती माझ्याकडं बघत होती. मी एक घास तोंडात घातला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“तिखाट लागलं व्हय गं?” त्या बाईनं घाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

तेव्हा मी बोलले. बोलले म्हणजे काय, रडत रडत ओकले सगळं. पूर, छप्पर, अक्का, न रडलेलं मूल, नवस. त्या बाईच्या हातातली पळी खाली आली. ती म्हणाली, “अगं, कुंकू तरी लावायचं. डोक्यावर कुंकू असतं तर मी सुरी लावली असती व्हय गं तिला?” मी मान खाली घातली. कुंकू होतं आणि मी ते पुसलं, हे सांगायला मला तेव्हा तोंड झालं नाही. ते जरीनानंही सांगितलं नाही. विद्या ताटातला हात तसाच धरून बसली होती. “तू मला का नाही सांगितलंस?” तिनं हळूच विचारलं. तिच्या विचारण्यात राग नव्हता आणि मला वाटलं, असता तर बरं झालं असतं.

ती बाई उठली. अंगणात तिच्या चार कोंबड्या फिरत होत्या. त्यातली एक पांढरी, अंड्यावरची, तिनं पटकन धरली, चुलीपाशी आणून कपाळाला लावते तसं तिच्या डोक्यावर कुंकू लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, “उठा. ऊन हाय तवर या पोरीला नेऊन आणा.”

“अगं पर बंदी हाय की,” राखणदार म्हणाला.

“बंदी तुमच्या सायबाची. पोटातलं पोर काय सायबाला इचारून येतंय व्हय?”

मी ‘काकू, नको, तुमची कोंबडी’ असं काहीतरी म्हणू लागले. “माझ्या हातनं झालंय ते,” ती म्हणाली, आणि झोपडीत गेली ती परत बाहेर आली नाही. माझी लाज तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली होती आणि मला ती परत घेता येत नव्हती.

आम्ही चौघं परत बेटावर गेलो. मी दगडांवर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, दहीभात ठेवला. विद्यानं चपला काढल्या होत्या. तिनं आपण होऊन काढल्या की मी काढल्या म्हणून, कोण जाणे. मी पांढरी सोडली. पण ती माणसाच्या हातावर वाढलेली. ती जागची हलेना, आणि आम्ही निघालो तशी राखणदाराच्या मागं तुरुतुरु पाण्यापर्यंत आली. नाव सुटली तरी काठावर उभी राहून ती ओरडत होती. “उद्या न्यावी लागंल हिला हितनं,” राखणदार वल्हं मारत म्हणाला, “पक्ष्यांच्या अंड्यास्नी तरास नगं. गावच्या देवळात सोडीन. आमची मंडळी काय हिला घरात घेणार न्हाई आता.” परतीच्या एसटीत कोल्हापूर जवळ आल्यावर विद्यानं माझ्या हातावर हात ठेवला. “मी कुणाला सांगणार नाही हं,” ती म्हणाली. तिनं ते प्रेमानं म्हटलं, आणि खरंच कधी कुणाला सांगितलं नाही. मला मात्र त्या क्षणी आमचं सगळं घरच झाकून ठेवण्याजोगं वाटलं.

आई गोठ्यात धार काढत होती. मला बघून तिनं पहिलं विचारलं, “सोडलीस?”

“सोडली.”

“मागं वळून बघितलं न्हाई न्हवं तिनं? वळून बघितलं तर ते पोचत न्हाई.”

इथं ‘न्हाई’ म्हणून सुटता आलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती पांढरी पाण्याच्या कडेला ओरडत उभी होती आणि आत अक्का कण्हत कूस बदलत होती. मी गोठ्याच्या उंबऱ्यात बसून आईला सगळं सांगितलं. स्टँडवरचा ओला रुमालही सांगितला. आई धार काढतच होती. चरवी भरत आली होती. मला वाटलं आता ती चरवी ठेवून मला बडवणार. मी त्याला तयारच होते, खरं तर वाट बघत होते. तिनं कोंबडीबद्दल काही विचारलं नाही. “त्या बाईचं नाव काय?” तिनं विचारलं. मला ठाऊक नव्हतं. तिच्या हातचं खाऊन, तिची कोंबडी नेऊन, मी तिचं नाव विचारलं नव्हतं. मग आईनं म्हशीच्या कासेवरचा हात काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

“माझी लाज वाटली व्हय गं तुला?”

मी म्हणाले, “व्हय.”

एकदा खरं बोलायला सुरुवात केल्यावर तिथंच थांबणं मला जमलं नाही. आईनं मान हलवली, जशी ती कट्ट्यावर गिऱ्हाइकानं सांगितलेलं माप ऐकून हलवायची, आणि म्हणाली, “जा, हातपाय धू. अक्काला पाणी तापवून दे.”

अक्काला मुलगी झाली आणि जन्मतःच अशी रडली की जरीनाच्या अब्बांनी पलीकडून क्लॅरिनेट थांबवलं. आज ती मुलगी मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि मला मोबाइलवर पक्ष्यांचे फोटो पाठवते. बाळानं जरा बाळसं धरल्यावर आई त्याला आणि अक्काला घेऊन त्या नदीच्या काठाला गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं त्या बाईची ओटी भरली, लुगडं नेसवलं, दिवसभर तिच्याशी बोलत बसली, असं अक्कानं मला नंतर सांगितलं. मला त्यांनी बरोबर नेलं नव्हतं आणि मीही येते म्हणाले नव्हते.

आईनं मला त्या ‘व्हय’बद्दल कधी टोचलं नाही. तिनं फक्त एक केलं. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की ती उठून गोठ्यात जायची. आधी मला कळलंच नाही. कळल्यावर मी तिला हाका मारल्या, हाताला धरून आणायला गेले, तर ती म्हणायची, “म्हशीचं बघतो जरा, तुमचं चालू दे.” पुढं मी शिक्षिका झाले, नवरा मिळाला, माझ्या शाळेतली माणसं, सासरची माणसं येऊ लागली, आणि दर वेळी पदर सावरत ती मागच्या दारानं बाहेर. म्हशी विकल्या त्यानंतरही ती रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायची. माझ्या निवृत्तीच्या दिवशी माहेरचं घर माणसांनी भरलं होतं. आई तेव्हा खूप थकली होती, ऐकूही कमी यायचं. सगळे जेवून गेल्यावर मी ताट घेऊन मागं गोठ्यात गेले तर ती अंधूक उजेडात भिंतीला टेकून बसली होती. मला बघून तिनं आवाज बारीक केला आणि विचारलं, “गेली का गं तुझी माणसं?”